राखणीचा कुत्रा : मेहनत आणि खुराक

वस्ती म्हटली की तिथे कुत्रा आलाच. कुणाचा मोत्या, कुणाचा वाघ्या, कुणाचा खंड्या. रात्री बांधावर पाऊल वाजले की आधी तो भुंकतो आणि मग आपण जागे होतो. खंडोबाच्या सोबतीला कुत्रा आहे, दत्ताच्या पायाशी चार आहेत, आणि धर्मराजाने तर कुत्र्याला टाकून स्वर्गात जायचे नाकारले. एवढा मान ज्याला दिला, त्याचा दिवस आपल्या दारी कसा जातो, हे मात्र आपण क्वचितच पाहतो. बैलाला पेंड किती, म्हशीला सरकी किती, हा हिशेब आपल्याला तोंडपाठ असतो. कुत्र्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. उरले तर त्याला घातले, नाही उरले तर तो आपले आपण बघेल.

याचा परिणाम दोन तऱ्हांनी दिसतो. काही घरी कुत्रा दिवसभर साखळीला असतो. समोर भाकरी, भात, दूध पडत राहते. तो खातो, झोपतो, आणि दोन वर्षांत त्याची पाठ पाटासारखी सपाट होते. लोक म्हणतात, "काय दांडगा झालाय!" पण त्याला चोरामागे शंभर पावले पळवा, जीभ हातभर बाहेर येते. दुसऱ्या घरचा कुत्रा दिवसभर मोकळा हिंडतो, गुरांमागे जातो, रात्री जागतो, आणि त्याच्या वाट्याला येते ती रश्शात बुडवलेली शिळी भाकरी. त्याच्या फासळ्या मोजून घ्याव्यात. पहिल्याला खुराक आहे, मेहनत नाही. दुसऱ्याला मेहनत आहे, खुराक नाही. दोघेही कामाचे नाहीत, आणि दोघेही अकाली म्हातारे होतात.

आज सांगायचे आहे ते एवढेच की, कुत्र्याचा कस मेहनत आणि खुराक यांच्या मेळातून येतो, आणि हा मेळ हळूहळू बसवावा लागतो. तालमीतला वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी हजार जोर मारायला लावत नाही, आणि ज्याने लांग नेसली नाही त्याला बदामाची थंडाई पाजत नाही. कुत्र्याचेही तसेच आहे.

ही केवळ हौसेची गोष्ट नव्हे, हेही ध्यानात घ्या. जनावरांना क्रूरपणे वागवू नये म्हणून आपल्या देशात १९६० साली जो कायदा झाला, त्यात कुत्र्याचा मुद्दाम उल्लेख आहे. नेहमी साखळीला बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरतो. फार आखूड किंवा फार जड साखळीला बराच काळ बांधून ठेवणे हाही गुन्हाच. कायद्याचे राहू द्या, पण रात्रंदिवस बांधलेला कुत्रा चिडखोर होतो, हे आपण रोज पाहतो. तो चोराला नाही चावत, तो शाळेतून येणाऱ्या पोराला चावतो.

आता पहिला प्रश्न असा, की आपला कुत्रा आज कोणत्या अवस्थेत आहे, हे ओळखायचे कसे? याला यंत्र लागत नाही, आपला हात पुरतो. प्रथम आपल्याच हाताची मूठ वळा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी मुठीच्या वरची हाडे चाचपा. ती टोचतात. आता मूठ सोडून हात सरळ पसरा आणि तळहाताच्या मागच्या बाजूवरून बोटे फिरवा. हाडे लागतात, पण टोचत नाहीत. आता हात उलटा करून तळहातावरून बोटे फिरवा. हाडे दाबून शोधावी लागतात. बस्स, हीच कसोटी. कुत्र्याच्या फासळ्यांवरून हात फिरवला आणि त्या मुठीसारख्या टोचल्या, तर तो रोडावलेला आहे. पसरलेल्या हाताच्या मागच्या बाजूसारख्या लागल्या, तर तो बरोबर आहे. तळहातासारख्या दाबून शोधाव्या लागल्या, तर तो माजला आहे. त्याच्या अंगावर ताकद नाही, चरबी आहे.

मग वरून पाहा. फासळ्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. बाजूने पाहा. पोट छातीपेक्षा वर चढलेले हवे. केसाळ कुत्रा असेल तर डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, हातावर ठेवा. शिवाय वजन करा. कुत्रा काट्यावर उभा राहत नाही, त्याला तोड आहे. त्याला उचलून घेऊन आपण काट्यावर उभे राहावे, मग एकट्याने राहावे, आणि वजाबाकी करावी. हा आकडा भिंतीवर खडूने लिहून ठेवा, कारण पुढे दर पंधरवड्याला तो लागणार आहे.

मेहनत सुरू करण्याआधी एकदा गुरांच्या दवाखान्यात न्यावे. पोटात जंत असतील तर तुम्ही घातलेला निम्मा खुराक तेच खातात. पिल्लांना दोन आठवड्यांचे झाल्यापासूनच डॉक्टरांच्या सल्ल्याने पंधरा-पंधरा दिवसांनी जंताचे औषध द्यावे लागते, मोठ्या कुत्र्याला साधारण तीन-तीन महिन्यांनी. गोचिडांकडे दुर्लक्ष करू नका. गोचिडांपासून येणाऱ्या तापात कुत्र्याचे रक्त कमी होते, हिरड्या गुलाबीच्या पांढुरक्या होतात आणि तो चार पावलांत दमतो. अशा कुत्र्याला "आळशी झालाय" म्हणून पळवणे म्हणजे तापकऱ्याला कुस्तीला उभे करणे. आणि पिसाळण्याची, म्हणजे रेबीजची, लस तर हवीच. पहिली तीन महिन्यांचा झाल्यावर आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, बहुधा दरवर्षी.

वयाचाही विचार हवा. पिल्लाची हाडे टोकांशी वाढत असतात, आणि तिथला भाग कोवळा असतो. साधारण कुत्र्याचे हे वाढणे वर्षभरात पुरे होते, मोठ्या जातींत दीड वर्षापर्यंतही चालते. तोवर पिल्लाला त्याच्या मनासारखे खेळू द्यावे. दोरीला धरून मैलभर पळवणे किंवा उंचावरून उड्या मारायला लावणे नको. म्हाताऱ्या कुत्र्याला मात्र मेहनत बंद करू नये. त्याला दिवसातून तीनदा थोडे थोडे चालवावे, म्हणजे सांधे धरत नाहीत.

जातीचाही फरक असतो. आपल्या मराठवाड्यात आणि सीमेपलीकडे उत्तर कर्नाटकात कारवानी कुत्रा पाळतात. लांब तोंड, खोल छाती, बारीक कंबर, उंच पाय. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली, म्हणून तिला मुधोळ हाउंडही म्हणतात. २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळचा मान होता. या कुत्र्याची पाठ धनुष्यासारखी वाकते आणि सुटते. तो थोड्या अंतरात वाऱ्यासारखा जातो, पण त्याला दम घ्यायला वेळ लागतो. तो जन्मतःच सडपातळ असतो, त्याच्या शेवटच्या दोन-तीन फासळ्या किंचित दिसणे हे रोडपणाचे लक्षण नव्हे. उलट मेंढरांबरोबर कोसन् कोस चालणारा धनगराचा कुत्रा वेगवान नसतो, चिवट असतो. आणि अलीकडे शहरांतून गावात येऊ लागलेला चपट्या नाकाचा पग हा पळण्याचा कुत्राच नव्हे. त्याला नाकातून हवा पुरत नाही. त्याला सावलीत फिरवावे, पळवू नये. येथे एक सांगून ठेवतो. पूर्वी कारवानी कुत्रा सशामागे सोडत. आता वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याने सशाची शिकार गुन्हा आहे. कुत्र्याला दम यावा म्हणून रानातले जनावर मारण्याची गरज नाही. मोकळ्या पडीक रानात चेंडू किंवा चिंधीची गाठ फेकून तेच काम होते.

आता मेहनतीचा क्रम सांगतो. निरोगी, मोठ्या झालेल्या, पण बसून सुस्तावलेल्या कुत्र्यासाठी हा आठ आठवड्यांचा हिशेब आहे.

पहिले दोन आठवडे सकाळी वीस मिनिटे आणि संध्याकाळी वीस मिनिटे नुसते चालवावे. चाल अशी हवी की, कुत्रा रेंगाळणार नाही आणि ओढणारही नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन्ही वेळा अर्धा-अर्धा तास. पाचव्या-सहाव्या आठवड्यात याच अर्ध्या तासात दुडकी चाल आणावी. दोन मिनिटे दुडकी, तीन मिनिटे चाल, पुन्हा दोन मिनिटे दुडकी, असे चार-पाच वेळा. कुत्र्याचे शरीर घडते ते मुख्यतः या दुडक्या चालीने, कारण तीत चारही पायांवर सारखा भार येतो. सातव्या-आठव्या आठवड्यात चढ घ्यावा. टेकडीची वाट, नांगरलेले रान, ओढ्याची वाळू. मऊ जमिनीत पाऊल रुतते, उचलायला जोर लागतो, मागच्या मांड्या भरतात. भरधाव पळणे यानंतर, आणि तेही आठवड्यातून दोन-तीनदा, थोडा थोडा वेळ. आठवड्यातला एक दिवस पूर्ण विसाव्याचा ठेवा. स्नायू मेहनतीत झिजतो आणि विसाव्यात भरतो, हे पहिलवानाला सांगावे लागत नाही.

सुरुवातीची आणि शेवटची पाच मिनिटे सावकाश चालीचीच असावीत. नखे फार वाढली असतील तर कापावीत. लांब नखांनी पंजा वाकडा पडतो. पायाच्या गाद्या एकदम कडक होत नाहीत. डांबरी सडकेवर आणि खडीवर आधी थोडेच अंतर घ्यावे आणि घरी आल्यावर पंजे उलटून पाहावेत.

मोटारसायकलला दोरी बांधून कुत्रा पळवण्याची रीत हल्ली फार दिसते. ती सोडा. माणूस गाडीवर बसलेला असतो, त्याला श्रम कळत नाहीत. कुत्र्याचा स्वभाव असा की, मालक पुढे आहे तोवर तो थांबत नाही. थांबायचे तेव्हा कोसळतोच. आपण स्वतः चाललो, पळालो, तर कुत्र्याला किती झाले हे आपल्याला आपोआप कळते, आणि व्यायाम दोघांचा होतो.

आणि ऊन! श्रोतेहो, या एका गोष्टीवर मी जरा थांबणार आहे, कारण यात कुत्र्याचा जीव जातो. आपल्याला सर्वांगाला घाम येतो, वारा लागला की अंग निवते. कुत्र्याला तसा घाम येत नाही. पायाच्या गाद्यांना थोडा पाझर असतो, तेवढाच. त्याची सारी भिस्त धापेवर. जिभेवरून आणि श्वासाच्या वाटेवरून वाफ गेली की तो निवतो. हवा तापलेली किंवा दमट असली की वाफ जात नाही, आणि आतली उष्णता साठत राहते. निरोगी कुत्र्याचे अंग साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०५ च्या वर गेले की, धोका सुरू झाला. ब्रिटनसारख्या थंड देशातल्या दवाखान्यांच्या नोंदींची मोठी पाहणी २०२० साली प्रसिद्ध झाली. तिच्यात असे दिसले की, बंद मोटारीत कोंडल्यामुळे उष्माघात झालेल्या कुत्र्यांपेक्षा पळण्या-चालण्याने उष्माघात झालेली कुत्री कितीतरी जास्त होती. तिथे ही गत, तर आपल्या चैत्र-वैशाखात काय होईल?

म्हणून उन्हाळ्यात मेहनत उजाडताना किंवा दिवस मावळून जमीन निवल्यावर. सडक तापली आहे की नाही हे पाहायला हाताची मागची बाजू तिच्यावर टेकवा. सात अंक मोजेपर्यंत हात ठेववत नसेल, तर कुत्र्याचाही पाय तिथे नको. चालताना तो मागे पडू लागला, जीभ रुंद होऊन लोंबू लागली, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक झाल्या, पाय लटपटले, तर जागीच थांबा. सावलीत न्या, अंगावर साधे पाणी भरपूर ओता, वारा घाला, शुद्धीवर असेल तर पाणी पिऊ द्या, आणि अंग निववत निववतच दवाखान्याकडे निघा. "आधी घरी नेऊ, मग बघू" असे म्हणू नका. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात पाणी मात्र ओतू नये, ते फुप्फुसात जाते.

मेहनत पचली की नाही, याची खूण सोपी आहे. मेहनतीनंतर दहा-पंधरा मिनिटांत धाप बसली पाहिजे. विसाव्यात, झोपेत, कुत्रा मिनिटाला साधारण दहा ते तीस वेळा श्वास घेतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उत्साहाने दोरीकडे आला तर कालचे प्रमाण बरोबर होते. लंगडला, उठताना कण्हला, तर दोन दिवस विसावा आणि मग एक पायरी खाली.

आता खुराकाकडे वळू. पुष्कळांची समजूत आहे की, कुत्रा म्हणजे लांडग्याचा भाऊ, त्याला मांसच हवे. हे अर्धेच खरे आहे. हजारो वर्षे माणसाच्या उकिरड्यावर आणि चुलीपाशी राहून कुत्र्याचे पोट बदलले. २०१३ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, पिष्टमय पदार्थ पचवणारा पाचकरस ज्या जनुकामुळे तयार होतो, त्याच्या प्रती लांडग्यात दोनच असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. म्हणजे आपली शिजलेली भाकरी कुत्र्याला पचते. पण पचते म्हणून तेवढ्यावर भागते असे नव्हे. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात प्रथिने सुमारे दहा ग्रॅम, आणि तीही स्नायू बांधायला अपुरी. नुसत्या भाकरीवर पोट भरते, मांडी भरत नाही.

वीस किलो वजनाचा, रोज तासभर मेहनत करणारा कुत्रा धरा. त्याला दिवसाला साधारण १,००० ते १,२०० कॅलरी लागतात. यासाठी दीडशे ग्रॅम ज्वारीच्या किंवा बाजरीच्या पिठाच्या भाकरी, दोन उकडलेली अंडी, शंभर ग्रॅम कोंबडीचे बिनहाडाचे शिजवलेले मांस किंवा मासळी, मूठभर म्हणजे पन्नास ग्रॅम मुगाची किंवा तुरीची डाळ मऊ शिजवून, थोडा लाल भोपळा किंवा गाजर, आणि चमचाभर तेल, एवढे पुरते. यात अंड्याच्या कवचाची वस्त्रगाळ पूड अर्धा चमचा मिसळावी. मांस, डाळ आणि धान्य यांत चुना कमी असतो, आणि तो पडला नाही तर हाडे ठिसूळ होतात. पिल्लाचा हिशेब निराळा असतो, तो डॉक्टरांना विचारूनच करावा. घरच्या अन्नात इतर क्षारांची थोडी उणीव राहते, त्यासाठी कुत्र्यांसाठीचे क्षारमिश्रण मिळते, तेही डॉक्टरांच्या सांगण्याने. म्हशीचे मिश्रण अंदाजाने घालू नका.

ज्यांच्या घरी मांस-अंडी शिजत नाहीत, त्यांनी डाळीचे प्रमाण वाढवावे, घरचे पनीर आणि ताक-दही द्यावे, आणि डॉक्टरांचा सल्ला घेत राहावे. दूध पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना सोसत नाही, त्यांना हगवण लागते. ताक बहुधा सोसते. बाजारचे तयार खाद्य द्यायचे तर पिशवीवर वजनाप्रमाणे माप दिलेले असते, ते पाहून द्यावे. मात्र त्याच्या जोडीला भाकरीही पोटभर घातली तर हिशेब दुप्पट होतो.

मोठ्या कुत्र्याला दिवसातून दोन वेळा, ठरल्या वेळी अन्न द्यावे. मेहनतीच्या आधी निदान तास-दीड तास आणि नंतर धाप बसून तासभर जाईपर्यंत पोटभर खाऊ घालू नये. जेवणानंतरही दोन तास पळवू नये. खोल छातीच्या कुत्र्यात भरलेले पोट फुगून पिळा पडण्याचा रोग होतो, आणि तो काही तासांत जीव घेतो. पोट ढोलासारखे फुगले, कुत्रा ओकारी काढतो पण पडत काही नाही, अशी लक्षणे दिसली तर रात्र असली तरी डॉक्टर गाठावा. पाणी मात्र नेहमी समोर असावे. वीस किलोच्या कुत्र्याला साध्या दिवशी लिटर-सव्वा लिटर लागते, उन्हाळ्यात आणि मेहनतीत त्याहून पुष्कळ जास्त.

आता वर्ज्य काय ते ऐका, कारण हे आपल्याच घरात असते. कांदा आणि लसूण यांनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आपले कालवण यांच्यावाचून होत नाही, म्हणून उरलेला रस्सा रोज भाकरीवर ओतण्याची सवय मोडा. त्याची भाकरी आणि डाळ आपण फोडणी घालण्याआधीच बाजूला काढावी, म्हणजे निराळे शिजवावे लागत नाही. द्राक्षे, मनुका, बेदाणे यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. द्राक्षबागा असलेल्या गावांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लामुळे हे होत असावे, असा अलीकडचा अंदाज आहे, आणि तेच आम्ल चिंचेत भरपूर असते. म्हणून चिंच घातलेली आमटीही नको. चॉकलेट विषारी. शिजलेले हाड ठिसूळ होऊन त्याची कुसळे आतड्यात रुततात. आणि मेंढी-बकरी कापल्यावर तिचे कच्चे काळीज-फुप्फुस कुत्र्यापुढे फेकण्याची चाल तर फार वाईट. त्यात पाण्याचे फोड असले तर कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी होतात, त्यांची अंडी विष्ठेतून आपल्या हातावर, पाण्यात येतात, आणि माणसाच्या यकृतात तसेच फोड धरतात. धनगर बंधूंनी हे नक्की सांभाळावे.

मेहनत आणि खुराक यांचा मेळ कसा घालायचा, ते आता दोन शब्दांत. दर पंधरवड्याला फासळ्यांवर हात फिरवा आणि वजन करा. फासळ्या टोचू लागल्या, तर खुराक दहाव्या हिश्श्याने वाढवा. शोधाव्या लागल्या, तर तितकाच कमी करा. माजलेल्या कुत्र्याचे वजन आठवड्याला शंभरी एक-दोन या हिशेबाने उतरले पाहिजे. म्हणजे तीस किलोचा कुत्रा आठवड्याला तीनशे ते सहाशे ग्रॅम. उपाशी ठेवून एकदम उतरवू नका, त्यात चरबीबरोबर स्नायूही जातो. रोडावलेल्याला आधी पंधरा दिवस खुराक आणि नुसती चाल, अंगावर मांस धरू लागले की मग दुडकी.

काम वाढले की खुराक किती वाढतो, याचे टोकाचे उदाहरण उत्तर अमेरिकेतल्या अलास्का प्रांतात दिसते. तिथे १९७३ पासून दरवर्षी बर्फावर घसरगाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांची इडिटारॉड नावाची शर्यत होते. अंतर सुमारे १,६०० किलोमीटर. पंचवीस किलोच्या आसपासचा तो कुत्रा शर्यतीच्या दिवसांत दिवसाला दहा हजारांच्या घरात कॅलरी खर्च करतो, आणि त्याला त्या मुख्यतः चरबीतून दिल्या जातात. पण तोच कुत्रा शर्यत संपल्यावर तेवढे खात बसला तर? म्हणून खुराक कामाच्या मागून चालला पाहिजे, पुढून नव्हे. उलट बाजूही शास्त्रज्ञांनी तपासली आहे. लॅब्रॅडोर जातीची ४८ कुत्री, एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या लावून, जन्मभर पाळली. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा अन्न कमी. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कमी खाणारी, सडपातळ राहिलेली भावंडे सरासरीने जवळजवळ दोन वर्षे जास्त जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले. ज्याला आपण प्रेमाने "अजून एक भाकरी" घालतो, तिची किंमत तो अशी भरतो.

एक इशारा राखणीबद्दल. कुत्रा कसदार झाला म्हणजे तो बिबट्याशी झुंजेल, असे मनात आणू नका. अकोले तालुक्यात बिबट्याच्या खाण्याचा अभ्यास झाला, त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. बिबट्याचा वावर असलेल्या भागात रात्री कुत्रा उघड्यावर साखळीला बांधणे म्हणजे त्याला बळी देणे. त्याला बंदिस्त गोठ्यात किंवा जाळीच्या खोलीत ठेवा. त्याचे काम भुंकून आपल्याला उठवण्याचे. पुढचे आपण पाहायचे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. हा विषय वर्गात घेण्यासारखा आहे. ज्या मुलांच्या घरी कुत्रा आहे, त्यांना झोपलेल्या कुत्र्याचे श्वास लांबूनच मिनिटभर मोजायला सांगा. दर पंधरवड्याला मोठ्यांच्या मदतीने वजन करून वहीत मांडू द्या, त्याचा आलेख काढू द्या. वजाबाकी, सरासरी, शेकडेवारी, शरीरशास्त्र, सारे एका मोत्याच्या निमित्ताने होते. जोडीला हेही शिकवा की, खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्ले असलेल्या कुत्र्याला हात लावू नये, अनोळखी कुत्र्यापुढून पळू नये. आणि कुत्रा चावला, ओरखडला, तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरची जखमेत भरू नये.

मंडळी, यात खर्चाचे म्हणाल तर फारसे काही नाही. सकाळ-संध्याकाळचा अर्धा तास, फोडणीआधी बाजूला काढलेली डाळ-भाकरी, दोन अंडी, आणि पंधरवड्यातून एकदा फासळ्यांवरून फिरवलेला हात. दोन महिने हे नेमाने करून पाहा. कुत्र्याचे डोळे निवळतील, केसांवर तेज येईल, आणि रात्री पाऊल वाजले की तो साखळीला हिसडे न देता कान टवकारून उभा राहील. असा कुत्रा दारी असला की मालकालाही निर्धास्त झोप लागते.